पोटाची सोनोग्राफी शिकताना: आधी रक्तवाहिन्या, मग अवयव

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षात प्रोब हातात आला की बहुतेक जण उजव्या बरगडीखाली जाऊन लिव्हर आणि पित्ताशय शोधतात. दोन्ही पटकन सापडतात, त्यामुळे हुरूपही येतो. अडचण सुरू होते ती स्वादुपिंडापाशी. त्याला ठळक कडा नाही, त्याचा राखाडी रंग आजूबाजूच्या चरबीत मिसळून जातो आणि समोर जठरातला गॅस आडवा येतो. मग 'पॅनक्रियास नीट दिसत नाही' असं म्हणून पुढे सरकायची सवय लागते, ती पुढे कित्येक वर्षं सुटत नाही. मुळात स्वादुपिंड थेट शोधायचंच नसतं. स्प्लीनिक व्हेन, म्हणजे स्प्लीनची (प्लीहेची) शीर, शोधायची, तिच्या पुढ्यात जे आहे ते स्वादुपिंड.

पोटातल्या जवळजवळ सगळ्याच अवयवांना हे लागू पडतं. लिव्हर कुणाचं लांबट, कुणाचं बुटकं. किडनी कधी खाली घसरलेली, कधी जागेवरच नाही. रक्तवाहिन्यांची आपसातली मांडणी मात्र बरीचशी ठरलेली असते. ती एकदा डोळ्यांत बसली की अवयव आपोआप जागेवर येतात. इंटर्न, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट आणि इमर्जन्सीत काम करणारे डॉक्टर यांना समोर ठेवून पुढचा क्रम लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेलं असतं आणि ते कुणी चालवायचं हेही त्या नोंदणीत ठरतं. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तेव्हा 'नुसतं पोट तर बघतोय' हे कारण चालत नाही. सराव करायचा तो विभागातल्या नोंदणीकृत मशीनवर, वरिष्ठांच्या देखरेखीखाली.

पेशंटची तयारी

सहा ते आठ तास उपाशी पोटी बोलवायचं. साधं पाणी चालतं. 'काही खाल्लंय का?' असं विचारलं की उत्तर हमखास 'नाही' असं येतं. म्हणून 'चहा घेतला का?' हे वेगळं विचारायचं, कारण चहा आपण खाण्यात धरत नाही. दुधाच्या चहाने पित्ताशय आकसतं, भिंत जाड वाटते आणि आतला छोटा खडा निसटू शकतो. इन्सुलिनवर असलेल्या पेशंटला सकाळचा पहिला नंबर द्या, त्यांना ताटकळत ठेवू नका. आणि पोटात कळ घेऊन रात्री दोनला आलेल्या माणसाला उपाशी राहायला सांगत बसायचं नसतं; जे दिसेल ते बघायचं.

लघवी भरलेली हवी, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत नाही. मूत्राशय तुडुंब भरलं की किडनीतला मधला भाग फुगलेला दिसतो आणि रिपोर्टमध्ये उगाच हायड्रोनेफ्रोसिस (लघवी तुंबून फुगलेली किडनी) लिहिला जातो. शंका आली तर पेशंटला मोकळं होऊन यायला सांगून किडनी परत बघा. पेशंट कासावीस दिसला तर आधी ओटीपोट उरका, वरचं पोट नंतर.

श्वासाचं काम सगळ्यांत जास्त चुकतं. 'मोठा श्वास घ्या' म्हटलं की निम्मे लोक छाती वर उचलतात आणि पोट आत ओढतात. असं केल्याने लिव्हर खाली येतच नाही. बेंबीच्या वर हात ठेवून 'पोटाने माझा हात वर ढकला, आता दम धरा' असं म्हटलं की आजीबाईंनाही लगेच समजतं. 'सोडा' म्हणायला विसरू नका. बरेच जण आपल्या आज्ञेची वाट बघत लालबुंद होईपर्यंत तसेच पडून राहतात.

मशीन लावताना

पोटासाठी वक्र तोंडाचा प्रोब, म्हणजे कन्व्हेक्स, साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झचा. फ्रिक्वेन्सी वाढवली तर चित्र बारीक आणि स्वच्छ येतं, पण लाटा खोल पोचत नाहीत. म्हणून सडपातळ माणसाला वरची, अंगाने भारी माणसाला खालची. डेप्थ 15-16 सेंटिमीटरवरून सुरू करा. एपिगॅस्ट्रियममध्ये, म्हणजे छातीच्या हाडाखालच्या पोटाच्या मधल्या भागात, मणक्याची पांढरी कमान चित्राच्या तळाशी दिसली पाहिजे. ती अर्ध्यावरच दिसत असेल तर डेप्थ जास्त आहे, खालची जागा फुकट जातेय.

गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, ठरवायला पित्ताशय किंवा महाधमनीची मदत घ्या. आतलं द्रव काळं हवं आणि लिव्हर वरपासून खालपर्यंत एकसारखं राखाडी. वरचा भाग उजळ आणि खालचा काळपट असेल तर टीजीसीच्या, म्हणजे खोलीनुसार उजळपणा बदलणाऱ्या, पट्ट्या सरकवा. सगळा गेन एकदम वाढवला की रक्तवाहिन्यांमध्ये धुरकटपणा येतो आणि नसलेला थ्रॉम्बस (रक्ताची गुठळी) दिसू लागतो.

दिशा पक्की करणं हे नव्याने शिकणाऱ्याने दर पेशंटला करावं. प्रोबच्या खुणेच्या टोकावर बोट टेकवायचं आणि स्क्रीनवर कुठली बाजू हलते ते बघायचं. आडव्या छेदात खूण पेशंटच्या उजवीकडे, म्हणजे स्क्रीनच्या डाव्या हाताला पेशंटची उजवी बाजू येते. उभ्या छेदात खूण डोक्याकडे, म्हणजे स्क्रीनचा डावा भाग डोक्याकडचा.

प्रोबच्या मुख्य हालचाली तीनच: सरकवणं, कलवणं आणि जागच्या जागी फिरवणं. एका वेळी एकच करायची. नवखा हात तिन्ही एकदम करतो आणि सापडलेली रक्तवाहिनी हातातून जाते. करंगळी आणि तळहाताची कड पेशंटच्या अंगावर टेकलेली असली की हात स्थिर राहतो.

पहिला टप्पा: एपिगॅस्ट्रियमचा आडवा छेद

छातीच्या हाडाच्या टोकाखाली, मध्यरेषेवर प्रोब आडवा ठेवा. सगळी तपासणी इथून सुरू करावी असं माझं स्पष्ट मत आहे. बरेच शिक्षक लिव्हरपासून सुरुवात करायला सांगतात; त्यात चूक काही नाही, पण या एका छेदात जेवढी शरीररचना एकत्र दिसते तेवढी दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

वाचन खोलातून वर करायचं. सगळ्यांत खाली मणक्याची पांढरी कमान, तिच्यामागे काळी सावली. कमानीच्या पुढ्यात दोन गोल: पेशंटच्या डावीकडे, म्हणजे स्क्रीनवर उजव्या हाताला, महाधमनी, पेशंटच्या उजवीकडे इन्फिरिअर व्हेना केव्हा, बोलीत आयव्हीसी, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. महाधमनीच्या पुढे एक छोटा काळा ठिपका आणि त्याभोवती चरबीची पांढरी कड, ती आतड्यांना रक्त देणारी सुपीरिअर मेसेंटरिक आर्टरी, म्हणजे एसएमए. ही पांढरी कड इतकी ठळक असते की मी रेसिडेंटना आधी तीच शोधायला लावतो. एसएमएच्या पुढून एक काळी पट्टी वळण घेत आडवी जाते, ती स्प्लीनिक व्हेन. तिच्या पुढे स्वादुपिंड, त्याच्या पुढे जठर आणि सगळ्यांत वर लिव्हरचा डावा लोब.

आता दम धरायला लावा. लिव्हरचा डावा लोब खाली सरकतो आणि त्याच्यातून मागचं सगळं स्वच्छ दिसायला लागतं. गॅस आडवा येत असेल तर प्रोब झटक्यात दाबू नका. हळूहळू दाब वाढवत नेऊन थोडा वेळ तसाच धरून ठेवला की आतडी बाजूला होतात. पोट दुखत असलेल्या माणसावर हे त्याच्या चेहऱ्याकडे बघतच करायचं.

दुसरा टप्पा: वरून खाली, महाधमनीच्या फांद्या

प्रोब आडवाच ठेवून थोडा वर न्या. महाधमनीच्या पुढच्या बाजूने एक आखूड खोड निघतं आणि लगेच दोन फाटे होतात, समुद्रपक्ष्याने पंख पसरावेत तसे. ही सीलिअॅक धमनी. पेशंटच्या उजवीकडे जाणारा फाटा कॉमन हिपॅटिक आर्टरी, डावीकडे जाणारा स्प्लीनिक आर्टरी. तिथून साधारण सेंटिमीटरभर खाली सरकलं की पंख गायब होतात आणि पांढऱ्या कडेची एसएमए येते. सीलिअॅकचे फाटे आडवे पसरतात, एसएमए मात्र आडव्या छेदात कायम गोल ठिपकाच राहते, कारण ती महाधमनीला जवळजवळ समांतर खाली जाते.

आणखी थोडं खाली आलं की एसएमए आणि महाधमनी यांच्या फटीतून लेफ्ट रीनल व्हेन, म्हणजे डाव्या किडनीची शीर, आयव्हीसीकडे जाताना दिसते. फटीत शिरण्याआधी, महाधमनीच्या डावीकडे ती फुगीर असू शकते आणि नवख्याला ती गाठ वाटते. काही लोकांत ही शीर महाधमनीच्या मागून जाते. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला ते आधी कळलेलं बरं. उजवी रीनल आर्टरी आयव्हीसीच्या मागून जाते.

असंच बेंबीपर्यंत सरकत जा. बेंबीच्या आसपास, चौथ्या लंबर मणक्याच्या पातळीवर, महाधमनीचे दोन इलिअॅक फाटे होतात. तिथपर्यंत न जाता महाधमनी 'नॉर्मल' लिहू नका, कारण अॅन्युरिझम (महाधमनीचा फुगा) बहुतेक रीनल आर्टरीच्या खालच्या भागातच असतो.

महाधमनी की आयव्हीसी

बाजू बघून ओळखणं सोपं, पण एकट्या बाजूवर विसंबू नये. महाधमनीची भिंत जाड आणि उजळ असते, ती गोल राहते, प्रोबच्या दाबाने चपटी होत नाही. आयव्हीसीची भिंत पातळ, आकार लंबगोल, दाबली की मिटते आणि श्वासाबरोबर रुंदी बदलते. 'नाकाने जोरात हुंगा' असं सांगितलं की नॉर्मल आयव्हीसी आकसते. धडधड ही खूण फसवी आहे. शेजारच्या महाधमनीचे ठोके आयव्हीसीलाही हलवतात, त्यामुळे दोन्ही उडताना दिसतात.

खात्री हवी असेल तर प्रोब उभा करा. आयव्हीसी लिव्हरच्या मागून वर जाते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात शिरते, हे एकाच चित्रात दाखवता आलं पाहिजे. महाधमनी लिव्हरच्या डाव्या लोबच्या मागे, मणक्याला लागून राहते आणि तिच्या पुढच्या बाजूने सीलिअॅक आणि एसएमए निघताना दिसतात. उभ्या छेदात आयव्हीसीच्या मागे छोटा गोल ठिपका दिसला तर तो राइट रीनल आर्टरीचा आडवा काप. लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) नव्हे.

महाधमनी मोजताना बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, पुढून मागे, आणि वाहिनीच्या अक्षाला काटकोनात मोजायची. तिरका छेद घेतला की आकडा फुगतो. खालच्या भागात 2 सेंटिमीटरच्या आसपास असते, 3 किंवा त्याहून जास्त भरली तर अॅन्युरिझम. कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावून फक्त रंगीत भाग मोजण्याची चूक करू नका. भिंतीला लागून थ्रॉम्बस असतो, त्यात रंग भरत नाही आणि 5 सेंटिमीटरचा अॅन्युरिझम 3 चा वाटतो. साठीच्या पुढचा माणूस कुशीत कळ घेऊन आला आणि सगळे किडनी स्टोन म्हणताहेत, तर किडनीआधी महाधमनी बघा. फुटलेल्या अॅन्युरिझममधलं रक्त पाठीमागच्या भागात साचतं आणि सोनोग्राफीत ते दिसलंच पाहिजे असं नाही. अॅन्युरिझम आहे आणि बीपी पडतंय, एवढ्यावर सर्जनला फोन करायचा.

लिव्हरमधल्या दोन प्रकारच्या शिरा

लिव्हरमध्ये दिसणाऱ्या काळ्या नळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या: आतड्यांकडचं रक्त आत आणणारी पोर्टल व्हेन आणि ते बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन. पोर्टल व्हेनच्या फांद्यांना उजळ पांढरी कड असते, हिपॅटिक व्हेनना बहुधा नसते. हे प्रत्येकाला पाठ असतं. पण हिपॅटिक व्हेनवर लाटा बरोबर काटकोनात पडल्या की तिची भिंतही चमकते. त्यामुळे कडेपेक्षा मार्गावर भरवसा ठेवा. हिपॅटिक व्हेन वर, आयव्हीसीकडे जाताना रुंद होत जाते. पोर्टल व्हेन लिव्हरच्या दाराशी, म्हणजे पोर्टा हेपॅटिसपाशी रुंद असते आणि आत जाताना बारीक होते. कुठलीही नळी दिसली की तिचं नाव घेण्याआधी ती दोन्ही टोकांकडे चालवून बघायची: कुठून आली, कुठे गेली. या एका सवयीने निम्मे गोंधळ संपतात.

उजव्या बरगडीखाली प्रोब तिरका ठेवून खांद्याकडे वर कलवला की तीन हिपॅटिक व्हेन आयव्हीसीला मिळताना दिसतात. राइट हिपॅटिक व्हेन उजव्या लोबचे पुढचा आणि मागचा असे भाग करते, मिडल उजवा-डावा लोब वेगळे करते, आणि लेफ्ट डाव्या लोबमधली हद्द दाखवते. सर्जनशी सेगमेंटच्या भाषेत बोलायचं असेल तर या तीन शिरा आणि पोर्टल व्हेनचा उजवा-डावा फाटा एवढं पुरतं. लिव्हरमधल्या गाठीबद्दल 'उजव्या लोबमध्ये' इतकंच लिहून सोडलं तर पुढच्याला परत सगळं शोधावं लागतं.

कॉडेट लोब ओळखायला सोपा: आयव्हीसीच्या पुढ्यात असतो आणि त्याच्या पुढे एक पांढरी रेघ असते. त्याचा खाली लोंबणारा तुकडा कधी कधी स्वादुपिंडाजवळची गाठ वाटतो. प्रोब फिरवून तो लिव्हरला जोडलेला दाखवता आला की प्रश्न मिटला.

पोर्टा हेपॅटिस: इथे वेळ द्या

पेशंटला डाव्या कुशीवर थोडं वळवा, दम धरायला लावा आणि उजव्या बरगडीखाली प्रोब तिरका, उजव्या खांद्याच्या दिशेने ठेवा. मुख्य पोर्टल व्हेन लांबट दिसेल. तिच्या पुढून, तिला समांतर, एक बारीक नळी जाते: कॉमन डक्ट, म्हणजे मुख्य पित्तनळी. दोघींच्या मध्ये एक छोटा गोल ठिपका बहुतेकांत दिसतो, ती तिथून आडवी जाणारी राइट हिपॅटिक आर्टरी. काही लोकांत ही आर्टरी एसएमएकडून निघून पोर्टल व्हेनच्या मागून येते. दुर्मिळ नाही, बऱ्यापैकी आढळतं.

इथेच प्रोब काटकोनात फिरवला की प्रसिद्ध मिकी माऊस दिसतो. मोठा गोल चेहरा पोर्टल व्हेन, पेशंटच्या उजवीकडचा कान कॉमन डक्ट, डावीकडचा कान हिपॅटिक आर्टरी. कलर लावा: चेहरा आणि एक कान भरतो, दुसरा काळाच राहतो. काळा राहिलेला तो डक्ट, पण कलरची सेटिंग बरोबर आहे याची खात्री केल्यावरच. आर्टरीचा कान रंगाने भरलेला दिसत नसेल तर अजून डक्टबद्दल काहीच बोलू नका.

डक्ट आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचा. 6 मिलिमीटरपर्यंत ठीक. वय वाढेल तसा थोडा रुंद होतो, आणि पित्ताशय काढलेल्या माणसात 10 पर्यंतही चालू शकतो. आकड्यापेक्षा पेशंटचे डोळे पिवळे आहेत का आणि बिलिरुबिन किती, हे जास्त सांगून जातं. डक्ट रुंद असेल तर तो खाली स्वादुपिंडाच्या डोक्यापर्यंत पाठलाग करून बघा; अडथळा बहुधा तिथेच, गॅसच्या मागे लपलेला असतो.

पोर्टल व्हेन 13 मिलिमीटरपेक्षा रुंद, स्प्लीन मोठी, पोटात पाणी: पोर्टल हायपरटेन्शनचा, म्हणजे पोर्टल व्हेनमधल्या वाढलेल्या दाबाचा विचार करा. आपल्याकडे लहान मुलांत लिव्हर चांगलं असतानाही लिव्हरबाहेर पोर्टल व्हेन बंद पडून पोर्टल हायपरटेन्शन होतं. अशा मुलात पोर्टा हेपॅटिसपाशी एका पोर्टल व्हेनच्या जागी बारीक वेड्यावाकड्या नळ्यांचं जाळं दिसतं. कलर न लावता बघितलं तर त्या फुगलेल्या पित्तनळ्या वाटतात. म्हणून या जागी कलर लावल्याशिवाय उठायचं नाही.

पित्ताशय सापडत नसेल तर लिव्हरमधली एक पांढरी रेघ शोधा. राइट पोर्टल व्हेनपासून निघून ती थेट पित्ताशयाच्या मानेशी पोचते. भिंत पुढच्या बाजूची मोजा, 3 मिलिमीटरपर्यंत नॉर्मल. मागची भिंत द्रवामागच्या उजळपणामुळे जाड वाटते. खड्याची सावली पडते आणि पेशंट कुशीवर वळला की तो घरंगळतो. पॉलिप (भिंतीला चिकटलेली वाढ) घरंगळत नाही. शेजारच्या ड्युओडेनममधला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला) गॅसही सावली पाडतो, पण ती मळकट असते, खड्याच्या सावलीसारखी स्वच्छ काळी नाही. मानेत अडकलेला खडा घरंगळणार नाही, हेही लक्षात असू द्या.

स्वादुपिंड, आता उलट बाजूने

परत एपिगॅस्ट्रियमच्या आडव्या छेदात या. स्प्लीनिक व्हेन पेशंटच्या उजवीकडे चालवत नेली की ती अचानक रुंद होते. तिथे तिला सुपीरिअर मेसेंटरिक व्हेन मिळते आणि पोर्टल व्हेन सुरू होते. या संगमाच्या पुढे स्वादुपिंडाची मान, उजवीकडे डोकं, डावीकडे धड आणि शेपूट. डोक्यात दोन छोटे ठिपके शोधा: पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यात गॅस्ट्रोड्युओडेनल आर्टरी, मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात कॉमन डक्ट. दोन्ही दिसले म्हणजे डोकं खरंच बघितलं. डोक्याचा एक कोपरा सुपीरिअर मेसेंटरिक व्हेनच्या मागे शिरतो, तो अनसिनेट. तिथे छोटी गाठ लपते.

दिसतच नसेल तर पेशंटला बसवा आणि दोन ग्लास पाणी प्यायला द्या. घाईने प्यायलं तर हवाही गिळली जाते, म्हणून स्ट्रॉ किंवा हळू घोट. चार-पाच मिनिटांत बुडबुडे वर जातात आणि पाण्याने भरलेल्या जठरातून स्वादुपिंड दिसू लागतं. शेपटीसाठी डावीकडून, स्प्लीनमधून बघण्याचा रस्ता बरेच जण विसरतात.

याच जागी आणखी एक तपासणी सेकंदात होते. सुपीरिअर मेसेंटरिक व्हेन ही एसएमएच्या उजवीकडे असायला हवी. हिरवी उलटी करणाऱ्या बाळात ही जोडी उलटी दिसली तर मालरोटेशनची (आतड्यांच्या जन्मतः चुकीच्या मांडणीची) शंका घ्या आणि पेडिअॅट्रिक सर्जनला लगेच कळवा. जोडी सरळ दिसली म्हणून मालरोटेशन नाहीच, असं मात्र ठरत नाही.

किडनी आणि स्प्लीन

उजवी किडनी लिव्हरमधून बघा, म्हणजे दोघांच्या रंगाची तुलना होते. किडनीचं कॉर्टेक्स (बाहेरचा थर) लिव्हरइतकं किंवा त्याहून जरा गडद असतं. लिव्हर खूपच उजळ दिसलं तर फॅटी लिव्हर. किडनी जास्त उजळ दिसली तर क्रिएटिनिन विचारा. लिव्हर आणि किडनी यांच्या मधल्या फटीत काळी पट्टी दिसली तर मोकळं पाणी किंवा रक्त. अपघातातल्या पेशंटमध्ये ही फट बघायला अर्धा मिनिटही लागत नाही. तरुणांत किडनीचे पिरॅमिड गडद दिसतात, ते सिस्ट नव्हेत.

डावी बाजू नवख्यांना जड जाते, कारण ते पुरेसं मागे जात नाहीत. बोटांची हाडं पलंगाला टेकतील इतका हात मागे न्या, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या मधल्या फटीत प्रोब लावा. स्प्लीनची लांबी साधारण 12 सेंटिमीटरपर्यंत नॉर्मल. तिच्या दाराशी छोटा गोल तुकडा दिसला आणि तो स्प्लीनसारख्याच पोताचा असला तर ती बहुधा जादा स्प्लीन, नोड नव्हे.

कलर डॉप्लर

आधीच सांगायचं तर लाल म्हणजे धमनी आणि निळी म्हणजे शीर, हे डोक्यातून काढून टाका. रंग फक्त दिशा सांगतो: नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. बाजूच्या रंगपट्टीवर कोणता रंग वर आहे ते बघूनच बोला, कारण बटण दाबून तो उलटता येतो. प्रवाह लाटांना काटकोनात असला की रंग भरतच नाही. पोर्टल व्हेन 'बंद' वाटली तर घाबरण्याआधी बरगड्यांमधून बघा. त्या कोनातून प्रवाह थेट प्रोबकडे येतो आणि छान लाल भरतो.

शिरांसाठी स्केल (मोजायच्या वेगाची मर्यादा) कमी ठेवा, धमन्यांसाठी जास्त. स्केल फार कमी ठेवलं की रंगांची खिचडी होते, फार जास्त ठेवलं की हळू वाहणारी शीर रिकामी दिसते. कलरचा चौकोन लागेल तेवढाच लहान. वेग मोजायचा असेल तर कोन 60 अंशांच्या आत.

स्पेक्ट्रल डॉप्लर, म्हणजे प्रवाहाचा आलेख, लावलं की ओळख पक्की होते. पोर्टल व्हेनमध्ये सलग, मंद हेलकावे घेणारा प्रवाह. हिपॅटिक व्हेनमध्ये हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढे-मागे होणारा. हिपॅटिक आणि रीनल आर्टरीत डायस्टोलमध्येही (हृदय सैल पडतं तेव्हाही) भरपूर प्रवाह चालू राहतो, कारण लिव्हर आणि किडनीला रक्त सतत लागतं. उपाशी पोटी एसएमएत डायस्टोलचा प्रवाह कमी असतो, जेवल्यानंतर वाढतो. म्हणून एसएमएचा डॉप्लर लिहिताना पेशंट उपाशी होता की नाही हे लिहायचं.

डॉप्लर हाताशी नसेल तेव्हाही एक साधी युक्ती आहे. गोल काळा ठिपका दिसला की प्रोब जागच्या जागी 90 अंशांनी फिरवा. वाहिनी असेल तर लांब होते, नोड असेल तर गोल किंवा लंबगोलच राहतो. टीबीच्या आपल्या मुलखात महाधमनीच्या आजूबाजूला नोड सापडणं नेहमीचंच, त्यामुळे ही सवय रोज उपयोगी पडते. महाधमनीच्या पुढून बेंबीच्या पातळीवर राखाडी पट्टा जाताना दिसला तर नोड म्हणण्याआधी दोन्ही किडन्यांची खालची टोकं बघा. हॉर्सशू किडनी, म्हणजे खालच्या टोकाशी जोडलेल्या दोन किडन्या, असू शकते.

ओटीपोटात भरलेलं मूत्राशय हीच खिडकी. पुरुषात त्याच्या खाली प्रोस्टेट, स्त्रीत त्याच्या मागे गर्भाशय आणि ओव्हरी. ओव्हरी सापडत नसेल तर इलिअॅक व्हेन आणि आर्टरी शोधा, ती बहुधा त्यांच्या पुढ्यातच असते. गर्भवती स्त्रीची तपासणी असेल तर फॉर्म एफ (पीसीपीएनडीटी कायद्याखालचा नोंदीचा फॉर्म) आधी, प्रोब नंतर.

रिपोर्ट लिहिताना

दिसलं ते लिहायचं, दिसलं नाही तेही लिहायचं. 'स्वादुपिंडाची शेपूट गॅसमुळे दिसली नाही' या वाक्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. न बघितलेल्या शेपटीला 'नॉर्मल' म्हणणं मात्र पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. टेम्प्लेटमध्ये 'नॉर्मल' आधीच टाइप केलेलं असतं, त्यामुळे ही गफलत दुपारच्या गर्दीत सहज होते. पाच चित्रं तरी जपून ठेवा: स्प्लीनिक व्हेनसह स्वादुपिंड, आयव्हीसीला मिळणाऱ्या हिपॅटिक व्हेन, कलरसह पोर्टा हेपॅटिस, सगळ्यांत रुंद जागी मोजलेली महाधमनी, आणि लिव्हरशेजारी उजवी किडनी. सहा महिन्यांनी तोच पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर तुलना करायला त्यांच्या हातात काहीतरी असेल.